जनरेटर लावला की आरसीसीबी का पडतो: ऑफ-ग्रिड घरातला न्यूट्रल आणि अर्थ

प्रश्न थोडक्यात असा. सह्याद्रीतल्या शेतघरावर महावितरणची लाइन नाही. ४८ व्होल्टची बॅटरी, ५ केव्हीएचा सोलर इन्व्हर्टर आणि पावसाळ्यासाठी ३ केव्हीएचा सिंगल फेज पेट्रोल जनरेटर आहे. जनरेटर इन्व्हर्टरच्या एसी इनपुटला जोडलाय. तो सुरू झाला की इन्व्हर्टर बायपासला जातो आणि घर थेट जनरेटरवर चालतं. सुरुवातीला जनरेटरच्या सॉकेटमध्ये दोन्ही भोकांत टेस्टर मिणमिणायचा आणि मीटर दोन्हीकडून अर्थला ११० व्होल्टच्या आसपास दाखवायचा. शेजारी अर्थचा रॉड ठोकला, फरक पडला नाही. मग मिस्त्रींनी जनरेटरच्या आत न्यूट्रल आणि बॉडी जोडली. आता इन्व्हर्टरवर सगळं व्यवस्थित चालतं, पण जनरेटरवर गेलं आणि काहीही लावलं की घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) पडतो. मिस्त्री म्हणतात, आरसीसीबी काढून टाका. बोर्डाच्या फोटोत आरसीसीबीच्या खालच्या, म्हणजे त्याच्या नंतरच्या घराकडच्या न्यूट्रल पट्टीवरून अर्थ पट्टीला गेलेली एक हिरवी वायर दिसते.

आरसीसीबी काढू नका. तो त्याचं काम बरोबर करतोय. गडबड त्या हिरव्या वायरीची आहे, आणि गंमत म्हणजे जनरेटरवर तो पडतो त्यापेक्षा इन्व्हर्टरवर पडत नाही हे जास्त धोक्याचं आहे.

आरसीसीबी काय बघतो? फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तितकाच परत आला का, एवढंच. तो अर्थ वायरीकडे बघतही नाही. आता करंटची वाट पाहा. जनरेटर चालू आहे, त्याच्या आत न्यूट्रल बॉडीला जोडलेला आहे, बॉडीवरून अर्थची वायर घरातल्या अर्थ पट्टीपर्यंत आली आहे. मिक्सर लावला. करंट फेजमधून आरसीसीबीतून मिक्सरला गेला, न्यूट्रल पट्टीवर परत आला. इथे त्याला दोन वाटा आहेत: एक आरसीसीबीतून न्यूट्रल वायरीने, दुसरी हिरव्या वायरीने अर्थ पट्टीवर आणि अर्थच्या वायरीने जनरेटरकडे. तो दोन्हींत वाटला जातो. वायरी सारख्या जाडीच्या असतील तर जवळजवळ निम्मा-निम्मा. आरसीसीबीच्या दृष्टीने कित्येक अँपिअर गायब झाले, म्हणून तो पडतो.

इन्व्हर्टरवर मात्र अर्थला जोडलेली दुसरी जागाच नाही (तुमच्या वर्णनावरून तरी). त्यामुळे सगळा करंट न्यूट्रलमधूनच परत जातो आणि आरसीसीबी शांत बसतो. पण फ्रिजच्या बॉडीला फेज लागला असं समजा. फॉल्टचा करंट बॉडीवरून अर्थ वायरीने अर्थ पट्टीवर, तिथून हिरव्या वायरीने न्यूट्रल पट्टीवर आणि तिथून आरसीसीबीच्याच न्यूट्रल पोलमधून इन्व्हर्टरला परत. गेला तेवढा आला. आरसीसीबी पडणार नाही. बाथरूममध्ये ओल्या पायांनी कोणी गिझरला हात लावला तरी तेच. म्हणजे जनरेटरमधला जोड काढून टाकला तर ट्रिपिंग थांबेल, सगळे खूश होतील आणि आरसीसीबी कायमचा शोभेचा होऊन बसेल. या दुरुस्तीत सगळ्यात जास्त केली जाणारी चूक हीच.

इथे आरसीसीबीच्या टेस्ट बटणावर भरवसा ठेवू नका. ते बटण आतल्या रेझिस्टरमधून एका बाजूचा फेज दुसऱ्या बाजूच्या न्यूट्रलला जोडून मुद्दाम असमतोल करतं. त्याला अर्थ लागतच नाही. न्यूट्रल-अर्थ जोड नसला, चुकीच्या जागी असला, अर्थची वायर तुटलेली असली, तरी बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतोच. त्यातून फक्त यंत्रणा हलते एवढं कळतं.

आता आधीच्या ११० व्होल्टबद्दल. लहान पोर्टेबल जनरेटर बहुतेक वेळा फ्लोटिंग येतात: वाइंडिंगची दोन टोकं सॉकेटवर आणलेली, पण कोणतंच बॉडीला जोडलेलं नाही. अशा सेटवर फेज आणि न्यूट्रल ही नुसती लेबलं असतात. डिजिटल मीटर जवळजवळ करंट घेत नाही, त्यामुळे वाइंडिंगची बॉडीशी असलेली कपॅसिटन्स किंवा इन्व्हर्टर जनरेटरमधले (आत इलेक्ट्रॉनिक्सने एसी बनवणारा जनरेटर) फिल्टरचे कपॅसिटर यांतून झिरपणारा व्होल्टेजही तो दाखवतो, आणि तो निम्म्याच्या आसपास भरतो. रॉड ठोकून फरक पडला नाही यात नवल नाही. रॉड बॉडीला जमिनीशी जोडतो. वाइंडिंग बॉडीशी जोडलेलंच नसेल तर रॉडचा वाइंडिंगशी संबंध येतच नाही. दहा फुटी तांब्याचा रॉड आणि दोन पोती केमिकल टाकूनही हे बदलत नाही.

हा ११० खरा की भास, हे बल्बने तपासा. होल्डरमध्ये ६० वॅटचा जुना तारेचा पिवळा बल्ब, दोन चांगल्या इन्सुलेशनच्या वायरी. एलईडी चालणार नाही, तो भासाच्या व्होल्टेजवरही उजळतो. एक टोक सॉकेटच्या फेजला, दुसरं अर्थच्या भोकात. मग न्यूट्रल आणि अर्थ. तपासताना जनरेटरच्या बॉडीला हात लावू नका.

बल्ब दोन्हीकडे अजिबात पेटला नाही तर सेट फ्लोटिंग आहे. एकीकडे पूर्ण उजेड, दुसरीकडे शून्य, तर न्यूट्रल बॉडीला जोडलेला आहे, आणि जिथे उजेड तो फेज. (जनरेटरवरच आरसीसीबी असेल तर या चाचणीत तो पडेल, तेही उत्तरच आहे.) पण दोन्हीकडे मंद का होईना ठामपणे पेटला तर थांबा. तो दोन व्होल्टेजचा, मध्यबिंदू बॉडीला जोडलेला सेट असू शकतो. बाहेरून आलेल्या जुन्या सेटमध्ये असं सापडतं. तिथे एक टोक बॉडीला जोडलं तर अर्धं वाइंडिंग शॉर्ट होईल. आधी आतला मध्यबिंदूचा जोड शोधून काढावा लागतो, आणि ते काम रिवाइंडिंगवाल्याकडेच द्यावं.

हीच तपासणी सेट बंद ठेवून ओहमवर करायची तर मीटरचा बीप देणारा बझर वापरू नका. ३ केव्हीएच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स जेमतेम ओहमच्या घरात असतो आणि बझर तीस-चाळीस ओहमलाही वाजतो. न्यूट्रल जोडलेला असेल तर फेज-बॉडी आणि न्यूट्रल-बॉडी दोन्हीकडे बीप येणार. आकडा वाचा, ज्या बाजूला कमी, ती बाजू जोडलेली. इन्व्हर्टर जनरेटरवर मात्र सॉकेटमागे इलेक्ट्रॉनिक्स असतं, तिथे ओहमचा उपयोग नाही.

आता दुरुस्ती. जनरेटर बंद करून स्पार्क प्लगची कॅप काढा. इन्व्हर्टरचं आउटपुट बंद, मग सोलरचा आयसोलेटर, मग बॅटरीचा ब्रेकर. आतले कपॅसिटर उतरायला दहा मिनिटं द्या आणि बोर्डात फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ मोजून शून्य असल्याची खात्री करा. मग ती हिरवी वायर काढा. पुढे काहीही ठरो, तिला त्या जागी राहण्याचा हक्क नाही. न्यूट्रल-अर्थ जोड आरसीसीबीच्या आधी, म्हणजे सोर्सच्या बाजूला हवा, आणि एका वेळी एकच हवा.

तो कुठे घ्यायचा हे तुमचा इन्व्हर्टर ठरवतो. जनरेटरची केबल इनपुटपासून सोडवा, घराचा मेन पाडा, इन्व्हर्टर बॅटरीवर चालू करा आणि त्याच्या आउटपुट टर्मिनलवर बल्ब लावा: फेज ते अर्थ.

बल्ब पेटला नाही, तर इन्व्हर्टरमध्ये आत जोड नाही. अशा वेळी इन्व्हर्टरच्या आउटपुटकडून येणारी न्यूट्रल वायर आरसीसीबीत शिरण्याआधी ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीने अर्थ पट्टीला जोडा, आणि जनरेटरमधला जोड काढून त्याला पुन्हा फ्लोटिंग करा. बॅटरीवर असताना हा जोड इन्व्हर्टरला लागू होतो. बायपासमध्ये जनरेटरचा न्यूट्रल इन्व्हर्टरमधून इथवर येतो, त्यामुळे तोच जोड जनरेटरलाही लागू होतो. एक अट आहे: इन्व्हर्टरच्या माहितीपुस्तिकेत आउटपुटचा न्यूट्रल अर्थ करायला मनाई नसावी. स्वस्त, बॅटरी आणि आउटपुट आतून वेगळे न केलेल्या इन्व्हर्टरवर हा जोड मारला तर आउटपुट स्टेज उडू शकते. त्याच कारणाने ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरवर बॅटरीचं किंवा पॅनेलचं निगेटिव्ह स्वतःच्या मनाने अर्थ करू नका. पॅनेलची फ्रेम अर्थ करायची, निगेटिव्ह नाही.

बल्ब पूर्ण पेटला, तर आत जोड आहे. काही इन्व्हर्टरांत अर्थ रिले असतो: बॅटरीवर असताना तो न्यूट्रल अर्थला जोडतो आणि बाहेरचा एसी घेण्यापूर्वी सोडतो. काहींत जोड कायम असतो. ओळखायचं असं: जनरेटरमधला जोड तात्पुरता काढा, जनरेटर लावून बायपासला जाऊ द्या, आणि पुन्हा आउटपुटवर फेज-अर्थ बल्ब लावा. आता विझलेला राहिला तर रिले सोडतोय, म्हणून जनरेटरला त्याचा स्वतःचा जोड परत हवा. पेटला तर इन्व्हर्टरचाच जोड पुरेसा, जनरेटर फ्लोटिंग राहू द्या. दोन्ही बाबतींत बोर्डात वेगळा जोड नको.

‘दोन जोड असले तर काय बिघडतं, आता तर दोन्ही आरसीसीबीच्या आधी आहेत’ असं वाटेल. आरसीसीबी पडणार नाही हे खरं, म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही. पण जनरेटरपासून बोर्डापर्यंत अर्थची वायर न्यूट्रलच्या जोडीने रोजचा करंट वाहते. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती पकडून करंट मोजणारा) अर्थच्या एकट्या वायरीवर लावा: १० अँपिअर लोडवर तिथे ५ दिसले तर दुसरा जोड कुठेतरी आहे. योग्य वायरिंगमध्ये तिथे मिलिअँपिअर असतात. त्यात न्यूट्रल वायरीच्या टोकाचा लग सैल झाला की सगळा भार अर्थवर जातो, आणि जनरेटरची बॉडी, पंपाचं केसिंग, नळ यांवर व्होल्टेज चढतो.

सगळं जोडल्यावरची खरी परीक्षा झिरोच्या बल्बने होते. जुना तारेचा झिरोचा बल्ब नावाला झिरो, प्रत्यक्षात १५ वॅटच्या आसपासचा. २३० व्होल्टवर साधारण ६५ मिलिअँपिअर घेतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान पडायला हवा. घरातल्या सगळ्यात लांबच्या सॉकेटवर फेज आणि अर्थ यांत हा बल्ब लावा. आरसीसीबी तत्क्षणी पडला पाहिजे. बल्ब नुसता पेटून राहिला तर जोड चुकीच्या जागी किंवा आरसीसीबी खराब. पेटलाही नाही आणि आरसीसीबी पडलाही नाही तर अर्थची वायर तुटलेली किंवा जोडच नाही. अशा वेळी बल्बमधून अर्थच्या तुकड्यावर फेज आलेला असतो, म्हणून चाचणीपूर्वी सगळी उपकरणं सॉकेटमधून काढा आणि कोणी कशालाही हात लावणार नाही हे बघा. ही चाचणी दोनदा करायची: एकदा बॅटरीवर, एकदा जनरेटरवर. एकदाच करून निघून गेलं की अर्धंच घर तपासलं जातं.

आरसीसीबी अजूनही पडत असेल तर आता खरे दोष बाहेर येत आहेत. फ्लोटिंग सेटवर फॉल्टच्या करंटला परतीची वाटच नव्हती, त्यामुळे ओला गिझर एलिमेंट महिनोन्‌महिने निवांत चालला असेल. १० किलोओहमपर्यंत उतरलेला एलिमेंट २३ मिलिअँपिअर सोडतो, आणि तेवढ्यावर आरसीसीबी पडू शकतो. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचा मीटर) एलिमेंट ते बॉडी एक मेगाओहमच्या वर हवं. मेगर लावण्यापूर्वी इलेक्ट्रॉनिक उपकरणं आणि सर्ज प्रोटेक्टर सोडवून ठेवा.

आणि घरात आणखी कुठे न्यूट्रल अर्थला लागलाय का, हे शोधायचं तर पुन्हा सगळं बंद करून मुख्य जोड तात्पुरता उघडा, मेनमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडा, उपकरणं काढा, आणि न्यूट्रल पट्टी ते अर्थ पट्टी मोजा. कमी आलं तर पट्टीवरून एकेक न्यूट्रल सोडत जा. ज्या वायरीला आकडा उसळला, ती दोषी. सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. थ्री पिन टॉपमध्ये ‘अर्थ नाही म्हणून’ न्यूट्रलवरून मारलेला लूप. जुन्या लोखंडी स्विचबोर्डात स्क्रूखाली दबलेली न्यूट्रल. बोअरच्या स्टार्टर पॅनेलमध्ये कॉन्टॅक्टरच्या कॉइलला न्यूट्रल मिळाला नाही म्हणून अर्थ घेतलेला. आपल्याकडे शेतात एक फेज आणि केसिंगवर बल्ब पेटवायची खोड जुनी आहे, तीच पुढे घरात येते.

न्यूट्रलची अदलाबदलही बघा. दोन आरसीसीबी असतील तर दोघांच्या न्यूट्रल पट्ट्या पूर्ण वेगळ्या हव्यात. इन्व्हर्टर नंतर बसवलेल्या घरांत पंख्याचा फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा असं हमखास होतं. ओळख सोपी: लोड लावताच आरसीसीबी पडतो, एमसीबी (जादा करंट किंवा शॉर्टवर पडणारा स्विच) नुसता उचलला तर पडत नाही.

लोडखाली न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजण्याची सवय लावून घ्या, कारण त्यातून बरंच कळतं. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर किलोमीटरला ७.४१ ओहम, म्हणजे २० मीटरला साधारण ०.१५ ओहम. १० अँपिअर लोडवर शेवटच्या सॉकेटला न्यूट्रल-अर्थमध्ये दीड व्होल्ट दिसायलाच हवा. दहा-पंधरा दिसले तर न्यूट्रलचा जोड सैल किंवा जळालेला. भरपूर लोड असूनही अगदी शून्य आला, तर आनंद मानू नका. तिथेच जवळपास न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना चिकटलेले असण्याची शक्यता आहे.

एमसीबी आहे मग आरसीसीबी कशाला, हा प्रश्न येणारच. ३ केव्हीएचा सेट १३ अँपिअर देतो. सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी झटक्यात पडायला पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. एवढा शॉर्ट करंट हा सेट देऊच शकत नाही. व्होल्टेज कोसळतो, इंजिन घुरघुरतं, एमसीबी जागचा हलत नाही. जमिनीतून तर त्याहून कमी: रॉडचा रेझिस्टन्स २० ओहम धरला तर २३० व्होल्टवर साडेअकरा अँपिअर. त्यामुळे छोट्या जनरेटरवर बॉडीला लागलेल्या फेजपासून माणसाला वाचवणारी एकच गोष्ट म्हणजे नीट जोडलेला आरसीसीबी. नवीन घेताना एसी प्रकाराऐवजी ए प्रकारचा घ्या. इलेक्ट्रॉनिक लोडच्या तुटक करंटवरही तो पडतो. आणि तो इन्व्हर्टरच्या नंतर, घराच्या बोर्डात हवा. जनरेटर आणि इन्व्हर्टर यांच्या मध्ये लावलेला आरसीसीबी बॅटरीवर असताना वाटेतच नसतो.

रॉडचं महत्त्व यानंतर. आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकानुसार पाइप किंवा रॉड किमान अडीच मीटर खोल हवा. कातळात आणि जांभ्यात ते जमणं कठीण, आणि एक ओहमच्या मागे लागून पैसे घालवणारे बरेच दिसतात. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसाठी शंभर ओहमही चालतात. विजेसाठी आणि सर्ज प्रोटेक्टरसाठी जितका कमी तितका बरा. विहिरीजवळची किंवा सांडपाण्याची ओलसर माती शोधा, आडवी पट्टी पुरा, बेंटोनाइट भरा. जनरेटरच्या शेडला वेगळा रॉड असेल तर तो घराच्या अर्थ पट्टीला वायरीने जोडलेला असलाच पाहिजे. दोन सुटे अर्थ म्हणजे फॉल्टच्या वेळी दोन वेगळे व्होल्टेज. रॉड असूनही फ्रिजला झिणझिण्या येत असतील तर रॉडला दोष देऊ नका, त्या सॉकेटची अर्थ वायर तुटलेली आहे किंवा एक्स्टेन्शन दोनच वायरींची आहे.

न्यूट्रल-अर्थ लूप मारलेला थ्री पिन टॉप जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये खुपसून ठेवण्याची युक्ती चालते, पण घरात ती नको. तो टॉप चुकून भिंतीतल्या उलट्या वायरिंगच्या सॉकेटमध्ये गेला की फेज थेट अर्थला.

तीन फेजचा सेट असेल तर न्यूट्रल सुटण्याचा धोका वेगळ्याच पातळीवर जातो. एका फेजवर १००० वॅटचा हीटर, दुसऱ्यावर १०० वॅटचा टीव्ही आणि न्यूट्रल सुटला, तर दोघं ४०० व्होल्टवर सीरिजमध्ये येतात: हीटरला जेमतेम ३६, टीव्हीला ३६० च्या वर. म्हणून तिथे न्यूट्रलला फ्यूज किंवा एकेरी स्विच कधीच लावायचा नाही, चार पोलच्या चेंजओव्हरमध्ये न्यूट्रलचा पोल आधी जुळणारा आणि शेवटी सुटणारा हवा, आणि न्यूट्रलचे दोन व बॉडीचे दोन असे चार अर्थ घेतात.

शेवटी, इन्व्हर्टर जनरेटरला स्वीकारतच नसेल तर न्यूट्रलमागे धावू नका. आधी इनपुटची रेंज यूपीएस मोडवरून (अरुंद) अप्लायन्स मोडवर (रुंद) करा आणि चार्जिंग करंट उतरवा. ४८ व्होल्टच्या बॅटरीला ६० अँपिअर म्हणजे, चार्जिंगचा चढलेला व्होल्टेज आणि तोटा धरून, तीन किलोवॉटच्या वर. ३ केव्हीएचा सेट तिथेच मान टाकतो. २० ते ३० अँपिअरवर ठेवा. जनरेटर बिनलोड ५२ हर्ट्झच्या आसपास आणि भरलोडवर ५० च्या जवळ राहतोय ना, हेही मीटरने बघून घ्या.